मास्तर तापलाय

२ मे

परत बंद पडला. ६१ टक्क्यांवर. सकाळी ५४ वर पडलाता. रेंडरला, म्हंजी आख्खा व्हिडिओ पक्का करून काढायला लावला की आधी पंखा कोकलतो, मग टक्क्यांची पट्टी गोगलगायीवानी सरकती, मग काळं. सांगून सवरून काय न्हाई, डायरेक काळं. हात लावून बघितला, डाव्या बाजूच्या बटनांवर भाकर भाजंल.

नेकनूरच्या एका मास्तरकडनं घेतला म्हणून लॅपटॉपचं नाव मास्तर. "सात वर्षं वापरला, पण पोरावानी संभाळला," म्हणलेते. कोणत्या पोरावानी काय म्हाईत. माझ्या वाट्याच्या अकरा मेंढ्या गेल्या ह्याच्यात. मेंढी उन्हानं बसली तर तिला निदान सावलीला वढता येतं.

स्टुडिओवाल्या अण्णाला सांगितलं न्हाई अजून.

४ मे

अण्णाला कळलं. रफिकनंच सांगितलं असणार. कॅमेरा चालवतो भारी पण तोंडात तीळ भिजत न्हाई.

विलासअण्णा खुर्चीतनं न उठता म्हणला, "तात्यांच्या पोराच्या लग्नाचा व्हिडिओ सतराला पायजे. रविवार. पूजेला सुनेच्या माहेरचं आख्खं गाव येणार, दारात मोठा स्क्रीन लावायलेत. त्या दिवशी स्क्रीन काळा राहिला तर तात्या आपलाच फोटो लावतील त्याच्यावर, हार घालून."

म्हणलं, "लॅपटॉप तापायलाय अण्णा. स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर करू का?"

"त्याच्यावर फ्लेक्स चालतेत. तू आला तवाच बोलणं झालंतं, मशीन ज्याची त्यानं आणायची. सतरा म्हंजी सतरा. न्हाई जमलं तर मोकळ्या मनानं सांग, मेंढरं वाटच बघत असतील तुझी."

सगळे हसले. पासपोर्ट फोटो काढायला आलेलं गिऱ्हाईक पण हसलं. त्याला काय कळलं म्हणून हसलं ते?

आठवीत शाळा सोडली तवा पण असंच हसलेते. दीड वर्ष झालं ह्या कडा गावाला येऊन. आमच्या सिरसाळ्याहून इथं यायचं तर एसट्या बदलू बदलू दिवस मोडतो. जिल्हा एकच म्हणायचा नुसता. मेंढरामागं चालायचं न्हाई म्हणूनच एवढ्या लांब आलो. आता ह्या डबड्यापायी माघारी जायची वेळ आली तर आधी डबडं विहिरीत, मग मी एसटीत.

५ मे

खोली पत्र्याची. स्टुडिओच्या माथ्यावर. दुपारी बाराला पत्रा तडतड वाजतो, माणूस शिजतो, मग मशीन काय.

रफिकनं मास्तरमध्ये एक ॲप टाकून दिलं, आतली गरमी आकड्यात दिसती. नुसता बसलाय, काय काम न्हाई, तरी ७८. रेंडर लावला की ९०, ९५, ९९, खलास.

रफिक म्हणतो, "बुखार है बे तेरे मास्तर को. सुई लगा."

त्यालाच सुई लावीन एक दिवस.

६ मे

आजचे उद्योग. सोड्याच्या बाटल्यांची झाकणं चार पायाखाली दिली, हवा जावी म्हणून. टेबलफॅन तोंडापुढं. पत्र्यावर बारदान भिजवून टाकलं, अर्ध्या तासात कडक पापड. रसवंतीवाल्याकडनं बर्फ आणला, ताटात घालून मास्तरच्या बाजूला ठेवला. रफिक वरडला, "पानी गया तो सीधा मय्यत!" बर्फ परत नेऊन दिला तर रसवंतीवाला घेईना. मीच खाल्ला.

शेवटी झाकणं फेकली आणि घोंगडीची घडीच दुप्पट केली. पहिल्या दिवसापासून मास्तर घोंगडीवरच बसतो. आमच्याच मेंढरांची लोकर, काळी. लॅपटॉप घरी आणला तवा मायनं घोंगडी टाकून त्याच्यावर ठेवला, मूठभर भंडारा उधळला अन् म्हणली, "ह्याला भुईवर ठिवू नगं. तुझं पोट हाय ह्याच्यावर." तवापासून तसंच.

आज घोंगडी भिजवून, पिळून, दमट असतानाच खाली घातली. आबा रानात पाण्याची घागर घोंगडीत गुंडाळतो. भर उन्हात दाताला कळ लागंल असं गार पाणी. जगातलं बाकी सगळं खोटं निघंल, पण घोंगडी उन्हाळ्यात गार अन् हिवाळ्यात गरम, हे खोटं न्हाई.

५८ टक्क्यांवर पडला. त्या दिवशी ६१ तरी होता.

८ मे

बसस्टँडपाशी एक जण कॉम्प्युटर दुरुस्त करतो. सगळे त्याला सर म्हणतात. दुकानात देवाच्या फोटोपेक्षा त्याचीच सर्टिफिकेटं जास्त. मास्तरला चालू केला, बंद केला, परत चालू केला. म्हणला, "विंडोज मारावी लागंल."

"आतनं गरम व्हायलाय सर."

"व्हायरसनं गरमच होतं."

तो शिकलेला. मी आठवी. ठेवून आलो.

९ मे

आणला. घरी यीस्तोवर नीट झाला म्हणून तोंडात साखर. रेंडर लावला. ५५ वर काळा.

आणि फॉन्ट गेले. सगळे मराठी फॉन्ट. चि. आन् चि.सौ.कां. च्या जागी नुसते चौकोन. तात्यांच्या घराण्याची आख्खी नावं, चुलते मामे जावई, नऊ दिवस बसून टाकलेली, सगळे चौकोन. तात्यांचा जावई पण चौकोन.

परत गेलो दुकानात. म्हणलं, "आत उघडून बघितलं का?"

"उघडायची गरजच न्हाई. अनुभव हाय आपल्याला. बोर्ड गेलाय. नवीन घ्या."

"काल व्हायरस होता."

"काल काल होता."

टेबलावर हात आपटला मी. काच हालली. भाईर चार माणसं गोळा झाली तर हा मलाच म्हणतो, "दुकानात दादागिरी करायली बघा आजकालची पोरं." त्या चौघातला एक म्हातारा मला समजावायला लागला. मला! कावून मला?

हात सुजलाय.

१० मे

फॉन्ट रफिकच्या पेनड्राइव्हमधनं मिळाले. त्याला चहा पाजला. नावं परत टाकायलोय. बोटं दुखतात.

११ मे

डोकं लावलं. आख्खा व्हिडिओ एकदम काढायचाच कशाला, तुकडे करायचे. हळद निघाली. लगीन निघालं. जेवणाच्या पंगती निघाल्या. प्रत्येक तुकड्यानंतर मास्तरला झोपवायचा, पंख्याखाली ठेवायचा, परत उठवायचा. दुखणेकऱ्याची सेवा नुसती.

पण वरात निघंना. वरातीत सगळंच हाय. ड्रोन, फटाके, घोडा हळूहळू नाचतो ते, वरनं पडणारी फुलं. अण्णाच म्हणलेता, "बाकी कसं बी कर, वरात कडक झाली पायजे, तात्यांना वरात बघायची असती." वीस मिनटाची वरात. पहाटं चारला उठून गारव्यात लावली, ७२ पर्यंत गेली. मग पत्र्यावर ऊन आलं अन् घोडा एक पाय वर करून थांबला. काळं.

वीस मिनटाच्या वरातीवर माझं आख्खं आयुष्य आडलंय.

१२ मे

आबा आला.

मेंढरं घेऊन फिरत फिरत यंदा हिकडंच आलाय. कड्याच्या अलीकडं एका शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवलीत, खतासाठी. मला फोन न्हाई काय न्हाई. मी खाली स्टुडिओत होतो. दारात बघतो तर हा, हातात काठी, चपला भाईर काढून आत उभा, आन् अण्णा त्याला विचारायलाय, "बोला बाबा, काय पायजे? आधारचा फोटो का?"

आबा म्हणला, "माझं पोरगं पायजे."

अण्णा हसला. मी त्याला वर घेऊन आलो. राग आलता. कशाचा ते कळंना. आबाच्या अंगाला वास येतोच मेंढरांचा, खोली भरून गेली.

चुलता गुडघ्यानं बसलाय म्हणं. दोनशे मेंढरं आन् हा एकटा, कुत्रं धरलं तर दोघं. मिरगाच्या आत सिरसाळ्याला माघारी जायचं.

"सोमवारी सकाळी निघणार. तू चल."

"सतरा तारखेपर्यंत मला काय बोलू नगं."

"सतराला काय हाय?"

"वरात."

"कुणाची?"

"तात्यांच्या पोराची."

"म्हंजी लगीन व्हायचंय अजून?"

"लगीन झालं आबा. वरात पण झाली. मशीनीतनं निघायचीय."

आबानं मास्तरकडं बघितलं. मग माझ्याकडं. "आडलीय व्हय," म्हणला. मेंढी व्यायला आडती तसं म्हणला.

हसायला यायला पायजे होतं. न्हाई आलं. मी म्हणलं, तुला ह्यातलं काय कळत न्हाई, तू जा. गेला. पाणी पण न पिता गेला.

१३ मे

अण्णा: "जामखेडच्या एका पोराला बोलून ठेवलंय. नवा लॅपटॉप हाय त्याच्याकडं. अठरापासून यील म्हणला. तुझं सतराचं बघून ठरवू."

बघून ठरवू. म्हणजे ठरवलंय.

वर आलो. मास्तर ९४ वर होता, काय करत नव्हता तरी ९४. चार्जरची वायर धरून भिंतीला हाणली. आता पिन वाकडी झालीय, बोटानं दाबून धरली तरच चार्ज होतो.

शाब्बास. कुणावर राग काढला, तर स्वतःच्याच पोटावर.

१४ मे

काय न्हाई. पिन धरून बसलो.

१५ मे

सगळं लिहून ठेवतो.

सकाळी आबा परत आला. बोलावलं नव्हतं. भाकरी आन् ठेचा घेऊन आला, कोपऱ्यात बसला. मी म्हणलं बस तर बस. रफिककडनं मोबाईल खोलायचे बारके स्क्रू-ड्रायव्हर आणलेते. बसस्टँडच्या सरनं उघडला न्हाई ना, मी उघडतो. मरायचाच हाय तर माझ्या हातानं मरू दे. मोबाईलवर एका हिंदीवाल्याचा व्हिडिओ लावला आन् त्याचं बघून बघून उलटा केला मास्तरला.

अकरा स्क्रू. रागारागानं पिळला तर पहिल्याच स्क्रूचं डोकं घासून निघालं. आबा म्हणला, "सरक बाजूला." पटका सोडला, मांडीवर पसरला. एक एक स्क्रू काढायचा आन् पटक्यावर त्याच जागेवर ठेवायचा, वरचा वर, खालचा खाली. जसा मशीनीत तसाच कपड्यावर. घासलेला स्क्रू पण त्यानंच काढला, तोंडातल्या तोंडात काय तरी म्हणत, बुजलेल्या जनावराला म्हणतो तसं.

झाकण निघालं. पंखा दिसला. म्हणजे दिसलाच न्हाई.

पंखा आन् त्या तांब्याच्या जाळीच्या मधी एक काळं-पिवळं ढेकूळ. बोटाच्या जाडीचं. हवा जायच्या वाटंवर बूच बसवल्यावानी. मला वाटलं स्पंजच हाय कंपनीचा. हिंदीवाल्याच्या व्हिडिओत तर तसलं काय नव्हतं.

आबानं चिमटीत धरून काढलं. उजेडाला धरलं. वास घेतला.

"लोकर हाय ही."

"कसली लोकर?"

"आपली. काळ्या मेंढ्यांची. आन् हे पिवळं भंडारा हाय." दोन बोटांत दाबून बघितलं. "आरं, हे तर बुरणूस झालं की. लोकर भिजवून दाबून दाबून करतेत तसंच. आत लोकर दाबायला कोण बसलंतं तुझ्या?"

आन् हसायला लागला. डोळ्यात पाणी येऊस्तोवर.

माझं डोकं फिरलं. दीड वर्ष. दीड वर्ष मी ह्याला घोंगडीवर बसवला, हा खालनं हवा वढतो, हवेबरबर लोकर वढतो. आन् तापला की मी घडी दुप्पट केली. भिजवून घातली वरनं. मास्तरला शिव्या दिल्या, नेकनूरच्या मास्तरला दिल्या, अण्णाला, सरला, पत्र्याला, उन्हाला. आन् नरडं कुणी दाबलं, तर मीच, मायच्या घोंगडीनं. अकरा मेंढ्या देऊन मशीन घेतली मेंढरातनं सुटायला. मेंढरं मशीनीत येऊन बसली.

घोंगडी उचलली आन् जिन्यावरनं खाली फेकली.

आबाचं हसू थांबलं. उठला, जिना उतरला, घोंगडी उचलली, झटकली, घडी केली, खांद्यावर टाकली आन् परत वर येऊन बसला. एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मग जाळी साफ केली त्यानंच. ब्रश आत जाईना, सुई वाकायला लागली. भाईर जाऊन बाभळीचा काटा आणला. मेंढरांच्या खुरातले काटे काढत जन्म गेला त्याचा, आज काट्यानंच लोकर काढायलाता. तांब्याची एक पाती वाकवली न्हाई. मला तासभर असं बसता येत न्हाई कुठंच. मी तीनदा उठून खाली जाऊन आलो.

हिंदीवाला म्हणतो आतल्या चिपवर एक पेस्ट असती, जुनी वाळून गेली की नवी लावायची. आमची वाळून खडू झालेली. सरकडं गेलो मागायला. "सुटी मिळत न्हाई. मशीन इथं ठेवून जा." परत हात आपटणार होतो, एवढ्यात आठवलं सुजलेला. रफिक म्हणला नगरला मिळती. नगरला जाऊन यायला दिवस जाणार. मग मोबाईलवर दुसरा एक हिंदीवाला घावला, तो म्हणतो अडीअडचणीत दात घासायची पेस्ट चालती. दोन-चार दिवस. मग वाळती, मग परत तेच, उलट जास्तच.

दोन दिवसच पायजेत मला.

लावली. आबा बघत होता. म्हणला, "चुना लावतो तशी लाव, पातळ." तशी लावली.

बसवला. एक स्क्रू उरला. पटक्यावरची जागा आबाला म्हाईत होती, तोच घासलेला. "ऱ्हाऊ दे," म्हणला, "एक खूर ढिला असला तरी मेंढी चालती."

तवर त्यानं ते ढेकूळ बोटांनी पिंजलंतं आन् मांडीवर वळत बसलाता, हात रिकामा ठेवता येत न्हाई म्हणून. वीतभर दोरा झाला. त्यानं चार्जरची वाकडी पिन दाबून वायर मशीनला बांधून टाकली. म्हणलं, सोड ते, बरं दिसत न्हाई. सोडलं न्हाई. पण चार्ज व्हायला लागला.

चालू केला. ५६. नुसता बसलाय आन् ५६. रेंडर लावला, ७१. खोलीभर लवंगेचा वास, दाताच्या डाक्टरकडं बसल्यावानी.

आबा संध्याकाळच्या आत मेंढरांकडं गेला. जाताना: "सोमवारी दिस उगवायला निघणार. ह्याच रोडनं."

मी मास्तरचा आकडा बघत बसलो. आभार पण मानले न्हाईत मी. आपल्यात कोण म्हणतं तसलं.

१६ मे

वरात निघाली. १०० टक्के. घोड्यानं वर केलेला पाय टेकवला. सगळे तुकडे जोडले, आख्खा व्हिडिओ काढला, तो पण निघाला. ७६ च्या वर गेला न्हाई कुठंच.

रफिकला उठवून दाखवलं. म्हणला, "मास्तर पास!" मिठी मारली त्यानं. मग वायरीचा काळा दोरा बघितला, "नजर का धागा बांधा क्या?" म्हणलं हो.

१७ मे

पूजा. मोठा स्क्रीन. सुनेकडचे लोक खुर्च्यांवर, गावातले मागं उभे. मी बाजूला मास्तरला धरून. वरात लागली, फटाके फुटले, बायका आपापली तोंडं शोधायला लागल्या. नावं आली, एक पण चौकोन न्हाई. तात्यांचा जावई आपलं नाव येऊस्तोवर उभा राहिलाता.

तात्या मला काय म्हणले असतील? "पोरा, वरात जरा लांबलीय. कमी करता यील का?"

अण्णा हसला मोठ्यानं. "करतो की तात्या, उद्याच करतो." करतो कोण? मी.

गाडीत अण्णा म्हणला जामखेडच्या पोराला नको म्हणून कळवलंय. त्याच्यातच आभार समजायचे. आणि खिशातनं तीन मेमरी कार्डं काढून दिली. तीन लग्नं. पंचवीसपर्यंत तिन्ही.

"मशीन नीट झाली ना आता?"

"झाली," म्हणलो.

घरी येऊन ॲप बघितलं. काय करत नव्हता. ६८.

१८ मे

सकाळी सहाला पहिलं कार्ड लावलं. कॉपी चालू केली. ८१. लवंगेचा वास गेलाय.

खाली रोडवर घंट्या. आबाची मेंढरं. मी पिशवी घेऊन चहाला निघालोतो, जिन्यावरच उभा राहिलो. मेंढरं थांबत न्हाईत, त्यामुळं आबा पण थांबला न्हाई. चालता चालताच वर बघितलं, "निघली का वरात?"

"निघली!"

"आपली पण निघली."

खांद्यावर घोंगडी होती. कुत्रं पुढं. आन् समोरनं उसाच्या कारखान्याच्या बाजूनं एक टेम्पो आला जोरात, हॉर्नवर हात ठेवून, आन् मेंढरं फाकली रोडभर. आबा एका बाजूला, मेंढरं दुसऱ्या. टेम्पोवाला वरनं शिव्या द्यायलाता, म्हाताऱ्या माणसाला, आईवरनं.

मी कधी खाली उतरलो कळलं न्हाई. टेम्पोचं दार हाणलं दोनदा. त्याला काय काय बोललो ते लिहीत न्हाई. मेंढरं वळवली. ओठ दुमडून शीळ घातली तर लगेच कळलं त्यांना, दीड वर्षानं. आबा म्हणला, "तेवढं वळणापोतर ये." वळणापर्यंत गेलो. वळणावर शाळेच्या गाड्या होत्या. म्हणलं तेवढा चौक काढून देतो. चौकाच्या पुढं पूल.

दुपारचा एक वाजलाय आता. आष्टीच्या रस्त्याला एका लिंबाखाली मेंढरं बसलीत. डायरी पिशवीत होती, पिशवी खांद्यालाच राहिली, म्हणून लिहायलोय. आबा झोपलाय, तोंडावर पटका टाकून. उठल्यावर तो विचारणार न्हाई येतो का म्हणून, एवढं म्हाईत हाय. आन् विचारलं न्हाई याचा पण मला रागच येणार.

घोंगडी त्यानं माझ्याकडंच टाकली. त्याच्यावर बसलोय. आजूबाजूची माती पोळती, आन् ही खालनं गार लागायली. खरंच गार. राग येतो असल्या गोष्टींचा.

मास्तर चालूच ठेवून आलोय. पत्र्याखाली. पंखा पण लावला न्हाई. निघताना ८६ होता. कार्डात कुणाच्या तरी लेकीचं लगीन हाय, दुसरी कॉपी न्हाई त्याची.

अण्णाचे चार मिसकॉल.

पाचवा वाजायलाय.